पीए३ ही पिन का जळत होती

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तासगावजवळच्या एका द्राक्षबागेतून तात्यांचा फोन आला. "मोबाईलवर ओलावा हालंना झालाय. पंप चालू-बंद होतोय, पण मातीचा आकडा सकाळधरनं तसाच बसलाय." खरड छाटणी, म्हणजे वेलींची उन्हाळी छाटणी, होऊन दहा-बारा दिवस झाले होते. डोळे फुटून नवी काडी येण्याच्या काळात पाण्याचं माप चुकलं, तर त्याची किंमत पुढच्या हंगामात मोजावी लागते. हातातलं काम टाकून मी निघालो.

सांगलीत अण्णा आणि मी मिळून ठिबकचे कंट्रोलर बनवतो. अण्णांची हयात टीव्ही आणि मोटारींची पॅनेल दुरुस्त करण्यात गेली. सर्किट आखणं आणि फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहिणं माझ्याकडे. आमची पेटी पंपघराच्या भिंतीवर बसते. आत एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर (पेटीचा मेंदू असलेली चिप), एक ४जी मोडेम आणि स्टार्टरला सूचना देणारे रिले. पंपघरापासून साठ-सत्तर मीटरवर, वेलींच्या मुळांशी, ओलाव्याचे दोन सेन्सर पुरलेले. पेटी आणि सेन्सर यांचं बोलणं आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवरून, मॉडबस या विचारणा-उत्तराच्या पद्धतीनं चालतं. पेटी दर अर्ध्या मिनिटाला विचारते, सेन्सर उत्तर देतो.

आरएस-४८५ शेतासाठी निवडायचं कारण साधं आहे. ए आणि बी अशा दोन तारा असतात आणि संदेश त्या दोघींमधल्या फरकात असतो. मोटार सुरू होताना होणारा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक शाबूत राहतो. १९८३ सालचं हे मानक आजही कारखान्यांत आणि शेतांत तितकंच कामाचं आहे. मायक्रोकंट्रोलरला मात्र ही दोन तारांची भाषा थेट येत नाही. मधे एक दुभाषी लागतो, तो म्हणजे ट्रान्सीव्हर. आमच्या बोर्डवर मॅक्स४८५ ही आठ पायांची चिप होती. तिच्या डीआय पायावर मायक्रोकंट्रोलर आपलं म्हणणं देतो आणि तारेवरचं ऐकू आलेलं ती आरओ पायावर परत देते. या लेखातली सगळी कहाणी त्या आरओ पायाची आणि तो जिथं जोडला होता त्या पिनची आहे.

तात्यांच्या पंपघरात पेटी उघडली तर विचारणा जात असल्याचा दिवा लुकलुकत होता. यूएसबीचा कन्व्हर्टर लॅपटॉपला लावून मी ए आणि बी वर कान दिला. पेटी विचारत होती आणि दोन्ही सेन्सर लगेच, न चुकता उत्तरही देत होते. म्हणजे केबल ठीक, सेन्सर ठीक. उत्तर पेटीच्या दारापर्यंत येत होतं आणि आतल्याला ऐकू जात नव्हतं. मी सोबत आणलेला दुसरा बोर्ड बसवला, ओलावा दिसू लागला, आणि बिघडलेला घेऊन परत आलो.

अण्णांची सवय अशी की मीटर हातात घेण्याआधी ते बोर्डवर बोट फिरवतात. वीज दिल्यावर पाचव्या मिनिटाला त्यांचं बोट मॅक्स४८५ वर थांबलं. "ही तापलीय." चिप खरंच हात ठेववणार नाही इतकी गरम होती. आम्ही ती काढून नवी लावली. नवीही तापली, आणि ऐकू येणं काही सुरू झालं नाही.

आता दोघांना वेगळं करणं भाग होतं. मी आरओचा पाय पॅडवरून सोडवून सुईनं उचलला आणि त्याला स्कोपचा, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब लावला. मोकळ्या पायावर सुंदर चौकोनी लहरी उमटल्या, काठ धारदार, कुठेही थरथर नाही. ट्रान्सीव्हर आपलं काम चोख करत होता. पाय परत टेकवला की लहर जमिनीला चिकटून सरपटू लागायची, जेमतेम पाव व्होल्ट. कुणीतरी पलीकडून तिला खाली खेचत होतं आणि ती वर उचलायच्या खटपटीत चिप तापत होती.

पलीकडे मायक्रोकंट्रोलरची पीए३ ही पिन होती. वीज बंद करून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवला. लाल टोक ग्राउंडला, काळं टोक एकेका पिनला. प्रत्येक पिनच्या आत संरक्षक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, असतो. तो धड असेल तर ०.५ ते ०.७ च्या दरम्यान आकडा येतो. पीए२ वर ०.६१. पीए४ वर ०.६१. पीए३ वर ०.०२. अण्णांनी चष्मा वर करून आकडा पुन्हा पाहिला आणि एवढंच म्हणाले, "आतनं शॉर्ट झालीय."

पिन मेली आहे हे असं ओळखता येतं. मीटर हातात असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते करण्याआधी कुणी फर्मवेअर उपसत बसू नये असं मला मनापासून वाटतं. चांगल्या बोर्डचे आकडे आधीच एका कागदावर लिहून ठेवले असतील तर आणखी बरं, कारण बोर्डवर इतर वस्तू जोडलेल्या असल्या की आकडे थोडे सरकतात.

पण मेली कशानं, हे मीटर सांगत नाही. ते आम्ही आपल्या मनानं ठरवलं. आदल्या दोन संध्याकाळी तासगावकडे वळवानं झोडपलं होतं, विजा कडाडल्या होत्या. साठ-सत्तर मीटरची तार उघड्या शेतातून गेलेली. आणखी काय हवं? वीज जवळपास कुठं पडली असेल, तिचा झटका तारेतून आत आला असेल आणि पिन गेली असेल. तात्यांनाही ते लगेच पटलं. विजेनं झालेलं नुकसान आमच्या वॉरंटीत येत नाही, हे मीच त्यांना सांगितलं आणि दुरुस्तीचे अठराशे रुपये घेतले. तो प्रसंग आठवला की आजही मला चैन पडत नाही.

मेलेला बोर्ड टाकून द्यायचा नव्हता. या मायक्रोकंट्रोलरला तीन सिरिअल पोर्ट आहेत. आमच्या बोर्डवर पहिला मोकळा होता, दुसऱ्यावर आरएस-४८५ आणि तिसऱ्यावर मोडेम. मी पीए३ कडे जाणारा ट्रेस, म्हणजे बोर्डवरची तांब्याची वाट, कापला, आरओपासून एक बारीक एनॅमलची तार पहिल्या पोर्टच्या पीए१० ला जोडली, पाठवायची तार पीए९ वर नेली आणि फर्मवेअरमध्ये पोर्ट बदलला. बोर्ड चालू झाला. शिवाय ए आणि बी वर एसएम७१२ हे झटके शोषणारं डायोड बसवलं. आरएस-४८५ ला उणे ७ पासून अधिक १२ व्होल्टपर्यंत चालतं, आणि हा डायोड नेमका त्या मापाचा असतो. विजेचा बंदोबस्त झाला असं समजून मी झोपलो.

दहा दिवसांत आणखी दोन बोर्ड आले. एक मणेराजुरीकडचा, एक मिरज तालुक्यातला. दोन्हीकडे तेच: विचारणा जाते, उत्तर ऐकू येत नाही, मॅक्स४८५ गरम, पीए३ चा आकडा शून्याशी. दोन्हींवर एसएम७१२ आधीच लावून पाठवला होता. मणेराजुरीच्या शेतकऱ्याकडूनही मी दुरुस्तीचे पैसे घेतले. मिरजेकडच्याचं बिल करायचं होतं, पण तोवर माझ्या मनात पाल चुकचुकली होती, कारण त्या बाजूला पाऊसच झाला नव्हता.

मग संशयाच्या दिशा पांगल्या. चिपा नकली तर नसतील? दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवल्या, खुणा ताडून पाहिल्या, काही हाती लागलं नाही. पंपघर आणि सेन्सर यांच्या ग्राउंडमध्ये फरक पडतो का? आमच्या सेन्सरना वीज पेटीतूनच जाते, ग्राउंडची तार एकच, तिथंही काही नव्हतं. सुरू होताना फर्मवेअर पीए३ ला चुकून आउटपुट करत असेल आणि दोन आउटपुट एकमेकांशी झुंजत असतील? पिनची दिशा ठरवणारं चिपमधलं रजिस्टर वाचून पाहिलं, पिन पहिल्यापासून इनपुटच होती. या तीन शंकांत आठवडा गेला.

आणि मग चौथा बोर्ड मेला. तो कुठं शेतात नव्हताच. आमच्याच वर्कशॉपात, खिडकीखालच्या फळीवर, मातीनं भरलेल्या बादलीत सेन्सर खुपसून मी तो चाचणीला लावला होता. तार दीड मीटर. आभाळ निरभ्र. सहाव्या दिवशी सकाळी आकडा गोठलेला दिसला, आणि मीटरनं पीए३ वर ०.०३ दाखवलं.

मी बराच वेळ काही बोललो नाही. अण्णांनी चहा ओतला. मग त्यांनी जे म्हटलं त्यानं सगळा तपास वळला. "मेलेल्यांचं आपण लई बघितलं. जगलेत ते का जगलेत ते बघ की आता."

जगलेले म्हणजे आम्ही तार जोडून वाचवलेले तीन बोर्ड. तात्यांकडचा बदली बोर्ड मी परत आणला होता आणि त्यांचा मूळचा, तार लावलेला, तिथं पुन्हा बसवला होता. त्यानंतर तिथं गारांसकट वळीव झाला होता. शेजारच्या बांधावरच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता. आमचा बोर्ड मात्र व्यवस्थित ओलावा पाठवत होता. तेच शेत, तीच तार, तोच मॅक्स४८५. एकच फरक होता: आरओ पीए३ ऐवजी पीए१० ला जोडलेला होता. आणि आमच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीच्या पेट्या? त्या दोन वर्षं बिनतक्रार चालत होत्या. त्यांच्यातही आरएस-४८५ पीए९ आणि पीए१० वर होतं. दुसऱ्या आवृत्तीत मी ते पीए२ आणि पीए३ वर हलवलं, कारण या चिपचा मूळचा बूटलोडर, म्हणजे नवं फर्मवेअर भरून घेणारा प्रोग्रॅम, पहिल्याच पोर्टवर बोलतो आणि शेतात उभ्या उभ्या फर्मवेअर भरता यावं म्हणून मला तो पोर्ट मोकळा हवा होता. बाकीचं सर्किट मी जसंच्या तसं उचललं होतं. चालत आलेलं आहे, त्याला हात कशाला लावायचा, या विचारानं.

मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटची, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकाची, छापील प्रत अण्णांच्या कपाटात होती. पिनांच्या तक्त्यात पिनचं नाव, तिचा प्रकार, आणि त्यापुढे एक अरुंद रकाना आहे. अण्णांनी नख त्या रकान्यावरून खाली नेलं. पीए९ समोर दोन अक्षरं: एफटी. पीए१० समोर एफटी. मग वर आले. पीए२ समोर रकाना कोरा. पीए३ समोर कोरा. "हे एफटी म्हंजे काय?"

एफटी म्हणजे पाच व्होल्ट सहन करणारी पिन. या मायक्रोकंट्रोलरची वीज ३.३ व्होल्टची आहे. त्याच्या बऱ्याच पिनांवर ५ व्होल्टचा सिग्नल आला तरी चालतो, पण सगळ्यांवर नाही. पीए० ते पीए७ या पिना अॅनालॉग मोजमापासाठीही वापरल्या जातात, त्यांच्यात ती सहनशक्ती नाही. त्यांची कमाल मर्यादा ४ व्होल्टची दिली आहे. आणि मॅक्स४८५ ही ५ व्होल्टवर चालणारी चिप. तिचा आरओ वर जातो तेव्हा ५ व्होल्टच्या जवळ जातो.

हे मला स्कोपनं पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. उभं एक घर दोन व्होल्टचं होतं आणि लहर अडीच घरं उंच होती. मी तिचे काठ पाहिले, आकार पाहिला, उंची पाहूनही पाहिली नाही. शोधत होतो ते तुटकं-फुटकं काहीतरी, आणि समोर होता एक निरोगी सिग्नल, जो त्या पिनसाठी जास्तच उंच होता.

तरी कागदावरून ठरवायची आता माझी तयारी नव्हती. विजेचं कारणही आम्ही असंच मनानं ठरवलं होतं. आमच्या बोर्डवर मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टच्या वाटेत एक जंपर आहे, करंट मोजण्यासाठी ठेवलेला. जंपर काढला की मायक्रोकंट्रोलरची वीज तुटते आणि त्याच बाजूला असलेला हिरवा दिवा विझतो. विझायला हवा. मी नवा कोरा, दुसऱ्या आवृत्तीचा बोर्ड घेतला, ५ व्होल्ट चालू ठेवले आणि जंपर उपसला.

दिवा विझला नाही. मंद झाला, आणि मग धुगधुगत राहिला, उजळतोय, मालवतोय. वर्कशॉपातली ट्यूब बंद करून आम्ही दोघं त्या दिव्याकडे वाकून बघत होतो. मायक्रोकंट्रोलरच्या पुरवठ्याच्या पॅडवर मीटर लावला तर आकडा २ व्होल्टच्या आसपास वरखाली होत होता. वीज येण्याची वाट आम्ही उपटून हातात धरली होती आणि तरी चिपला कुठून तरी वीज मिळत होती. चिप जागी होत होती, जागी झाल्यावर जास्त करंट मागत होती, व्होल्टेज कोसळत होतं, पुन्हा झोपत होती. मी आरओचा पाय उचलला. दिवा त्या क्षणी विझला.

मग जुन्या आवृत्तीचा बोर्ड घेऊन तेच केलं. जंपर काढताच दिवा पूर्ण अंधारला.

आत काय घडत होतं ते आता उघड होतं. साध्या पिनमध्ये दोन संरक्षक डायोड असतात, एक ग्राउंडकडे आणि एक ३.३ च्या पुरवठ्याकडे. पिनवर ५ व्होल्ट आले की वरचा डायोड उघडतो आणि करंट पिनमधून चिपच्या पुरवठ्यात शिरतो. एफटी पिनांची रचना वेगळी, त्यांच्यात पुरवठ्याकडे अशी वाट नसते. मी आरओ आणि पीए३ च्या मधे मिलीअँपिअरचा मीटर घातला: ९ मिलीअँपिअर. डेटाशीटमध्ये अशा पिनला ५ मिलीअँपिअरच्या पुढे करंट आत घुसवू नका असं लिहिलेलं आहे. आम्ही जवळजवळ दुप्पट घुसवत होतो.

किती वेळ, हाही प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ऐकून मला जास्त वाईट वाटलं. तारेवर कुणी बोलत नसतं तेव्हा ए ला वर आणि बी ला खाली धरून ठेवणारे रेझिस्टर आम्ही लावले होते, तशी पद्धतच आहे. त्यामुळे शांत असताना आरओ वरच, म्हणजे ५ व्होल्टवर उभा. पेटी अर्ध्या मिनिटात एकदा क्षणभर बोलते, बाकी सगळा वेळ शांतता. म्हणजे रात्रंदिवस, पत्र्याच्या पंपघरात, उन्हाळ्याच्या दुपारी, तो डायोड ९ मिलीअँपिअर वाहत बसलेला. टेबलावर आमची चाचणी अर्ध्या तासाची असायची. अर्ध्या तासात काहीच होत नाही.

३.३ चा पुरवठा मोजला असता तर कळलं असतं का? नाही, आणि तो मी मोजलाही होता. तिथं ३.३ च दिसायचे, कारण आत शिरलेला करंट चिप स्वतःच खाऊन टाकत होती आणि रेग्युलेटर तेवढा कमी देत होता. उलट दिशेनंही काही खटकलं नाही. मॅक्स४८५ च्या डीआयला २ व्होल्टच्या वर काहीही मिळालं तरी ते वरचं समजतं, त्यामुळे मायक्रोकंट्रोलरचे ३.३ तिला सहज पुरायचे. पाठवणं चालत होतं, ऐकणंही चालत होतं, मरेपर्यंत. माझी ही सवय कॉलेजातल्या आर्डुइनो उनोपासूनची. तो बोर्डच ५ व्होल्टचा, तिथं मॅक्स४८५ लावताना असा विचार करावा लागत नाही. ३.३ व्होल्टवरच्या चिपला तीच जोडणी जशीच्या तशी लावणारे माझ्यासारखे अनेक असतील. त्यांनी आरओवर आज एकदा मीटर लावून पाहावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाजारात मिळणाऱ्या छोट्या मॉड्यूलवर तर अनेकदा आरओलाही आणि डीआयलाही ५ व्होल्टकडे ओढणारे १० किलोओहमचे रेझिस्टर लावलेले असतात, तेही बघावं.

उपाय ठरवायला वेळ लागला नाही. आरओ आणि पिनच्या मधे १ किलोओहम, पिनपासून ग्राउंडला २ किलोओहम असा भागाकार केला तर ५ चे ३.३ होतात, आणि सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला तेवढं पुरतं. घरी प्रयोग करणाऱ्यानं हेच करावं. आम्ही मात्र चिपच बदलली. एसपी३४८५ ही ३.३ व्होल्टवर चालणारी, पायांचा क्रम मॅक्स४८५ सारखाच असलेली चिप मिळते. मॅक्स४८५ लाच ३.३ द्यायचे, असंही काही जण करतात आणि ती कधीकधी चालतेही. पण तिचा पुरवठा ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असा स्पष्ट लिहिला आहे आणि या अनुभवानंतर मला ते मान्य करवत नाही.

फक्त चिप बदलून भागणार नव्हतं, आठव्या पायाला येणारा ५ व्होल्टचा ट्रेस कापून तिथं ३.३ आणायचे होते. पहिल्या बोर्डवर मी ट्रेस पायाच्या अगदी लगत कापला, त्यामुळे चिपचा पुरवठा स्थिर ठेवणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टच्या बाजूला राहिला आणि चिप त्याच्याविना. अण्णांनी भिंगातून बघून ते दाखवलं. पुढच्या सगळ्यांवर कट कपॅसिटरच्या पलीकडे घेतला. नव्या आवृत्तीत ऐकायच्या पिनला ३.३ कडे ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टरही टाकला, कारण पेटी बोलत असताना आरओ सुटा पडतो आणि पिन लोंबकळत राहते. वाटेत ४७० ओहमचा एक रेझिस्टर, काही कारणानं वरचढ व्होल्टेज आलंच तर करंटला आवर बसावा म्हणून.

परत पीए१० वर का गेलो नाही, असं मला एका मित्रानं विचारलं. एफटी पिनचं सहन करणं चिपला वीज मिळत असतानाचं आहे. तिची मर्यादा पुरवठ्यापेक्षा ४ व्होल्ट जास्त अशी लिहिली आहे, म्हणजे पुरवठा शून्य असेल तर तीही ४ च होते. शेतात वीज पाळीनं येते-जाते. कधी ५ आधी उठतील आणि ३.३ मागून येतील. दोघंही ३.३ वरच असले की तो प्रश्नच राहत नाही.

दुसऱ्या आवृत्तीचे एकूण १७ बोर्ड आम्ही बनवले होते. ४ गेले होते, २ कपाटात होते, उरलेले ११ शेतांत चालू होते. अण्णांचं म्हणणं, सगळे बदलायचे. "आज चालतायत. डायोड किती झिजलाय ते तुला बाहेरनं दिसणार हाय का?" मला ते दिसणार नव्हतं. मे महिन्यातले नऊ दिवस मी मोटरसायकलला सोल्डरिंगची पेटी बांधून पंपघरं फिरलो. मणेराजुरीच्या शेतकऱ्याचे पैसे आधी परत केले.

तात्यांकडे शेवटी गेलो. त्यांच्या हातात अठराशे रुपये ठेवले आणि सांगितलं की वीज पडलीच नव्हती, चूक माझ्या सर्किटात होती. त्यांनी पैसे मोजले नाहीत, खिशातही घातले नाहीत. "वीज नव्हती तर मग काय हुतं?"

म्हटलं, "तात्या, एक किलो प्रेशरच्या लॅटरलला मेन लाईन थेट जोडल्यासारखं. मधे व्हॉल्व्हच नव्हता."

"फुटंल की मग ती."

"एकदम फुटत नाही. जोडापाशी झिजत राहते."

ते तिथल्या रिकाम्या क्रेटवर बसले आणि मी काम करेपर्यंत हलले नाहीत. पाऊण तास लागला. आरओवर मीटर लावला: ३.२८. मग मी जंपर उपसला आणि हिरवा दिवा गपकन विझला.

"बंद पडलं?" तात्या उठून उभे राहिले.

"बंदच पडायला पाहिजे," मी म्हणालो आणि जंपर परत बसवला. दिवा लागला. अर्ध्या मिनिटानं त्यांच्या मोबाईलवर पहिल्या सेन्सरचा आकडा आला, ३१ टक्के. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला, मोबाईल खिशात टाकला आणि दुसऱ्या प्लॉटचा व्हॉल्व्ह फिरवायला गेले.